अढी

कादंबरीच्या आराखड्यातला एक रकाना गेले चार महिने रिकामा आहे.

पाठकोऱ्या कागदांवर पट्टी धरून मी चार उभे रकाने पाडले. पहिल्यात साल, दुसऱ्यात जागा, तिसऱ्यात माणसं. हे तिन्ही एका संध्याकाळीच भरले. साल १९८२. जागा लालबागमधली चाळ, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली. माणसं आठ: आजी, थोरला भाऊ, त्याची बायको, त्यांची दोन मुलं, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि तिच्या मांडीवरचं बाळ. चौथ्या रकान्याच्या डोक्यावर ‘संघर्ष’ असं ठळक लिहिलं, खाली दोनदा रेघ ओढली आणि पेन तिथेच थांबलं.

आठवड्यातल्या तीन दुपारी मी दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसतो. ही संस्था १८९८ सालापासून मराठी पुस्तकं जमवत आली आहे. आजूबाजूच्या कपाटांत शेकडो कादंबऱ्या उभ्या आहेत आणि त्या प्रत्येकीत कोणी ना कोणी कोणाशी तरी झगडतंय. माझी आठ माणसं मात्र दहा बाय बारात कोंडलेली असूनही एकमेकांना ‘जरा सरक’ म्हणून वाट देत बसली आहेत. अशा खोलीत आठ माणसं एक दिवस भांडल्याशिवाय राहिली तरच नवल. मग माझ्या कागदावर ती एवढी शहाणी कशी?

पहिला संशय मला त्या शब्दाचाच आला. ‘संघर्ष’ हा शब्द आमच्या चाळीत फक्त फळ्यावर असायचा, खडूने लिहिलेला, सभेच्या वेळेसकट. घरात कोणी संघर्ष करत नसे. घरात कुरबुर व्हायची, ती नळावरून. धुसफूस जावाजावांत. किरकिर पोरांची, कटकट म्हाताऱ्यांची. तंटा गावच्या बांधाचा, आणि तो पोस्टकार्डाने यायचा. खुन्नस नाक्यावरच्या पोरांत असे आणि तिचा राडा गोविंदाला किंवा विसर्जनाला व्हायचा. हे सगळे कानाला ऐकू येणारे प्रकार. ऐकू न येणाऱ्यांची यादी वेगळी: हेवा, आकस, डूख, अबोला, अढी. इतके शब्द हाताशी असताना मी रकान्यावर सभेच्या फळ्यावरचा शब्द लिहिला होता. फळ्यावरून गोष्ट उतरत नाही.

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं आजी म्हणायची. ‘भांडण’ शब्दात ‘भांडं’ दिसतं तेही मला तिच्यामुळेच. पण गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या घरात भांड्याला भांडं लागायला भांडीच उरली नव्हती. तांब्यापितळेची सगळी एकेक करून मोडीत गेली होती. आवाज बंद झाला होता. खरी गोष्ट त्या वर्षी सुरू झाली, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

‘आमच्या’ म्हटलं ना मी? आता लपवण्यात अर्थ नाही. कागदावरचा थोरला म्हणजे माझे बाबा आणि धाकटा म्हणजे काका.

ही कादंबरी मी एकदा लिहिलेली आहे. पंचविशीत असताना दोनशे पानं लिहून काढली आणि वहीला खाकी कव्हर घालून गिरगावातल्या एका वाडीत प्रकाशकाकडे घेऊन गेलो. लालबागहून गिरगाव बसने काही फार लांब नाही, पण त्या लाकडी जिन्यावर पाय ठेवताना दुसऱ्या गावाला आल्यासारखं वाटत होतं. ज्या १९८२च्या जानेवारीत आमच्याकडच्या गिरण्यांतले साचे थांबले, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गिरगावातलं ‘सत्यकथा’ मासिक बंद पडलं. एका पट्ट्यात कापड विणायचं थांबलं, दुसऱ्यात कथा. दोन्हीकडच्या माणसांना आपापलंच दुःख ठाऊक होतं.

वरच्या खोलीत बसलेल्या संपादकांनी वही ठेवून घेतली आणि दीड महिन्याने परत दिली. आत फारशा खुणा नव्हत्या. शेवटच्या पानावर पेन्सिलीने एकच वाक्य होतं: ‘धाकटा वाईट का आहे?’

मला राग आला. वाईट का म्हणजे? संप चालू असताना तो गिरणीच्या आत गेला म्हणून! मी ती वही ट्रंकेत टाकली आणि पुढली तीस वर्षं पोटासाठी दुसरं लिहीत राहिलो. प्रश्न मात्र ट्रंकेत राहिला नाही.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९८१च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांत असंतोष पेटला. कामगार युनियनचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२पासून मुंबईच्या कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्या पगाराच्या, बोनसच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या. पण मुळाशी एक कायदा होता. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकच युनियन मान्यताप्राप्त. गिरणीधंद्यात ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार सामंतांच्या मागे आणि वाटाघाटीची खुर्ची दुसऱ्याकडे, असा तो पेच होता.

हा कायदा मी ग्रंथालयात बसून पुन्हा वाचला तेव्हा आमच्या खोलीची भाडेपावती आठवली. पावतीवरही एकच नाव असतं. आमच्या पावतीवर आजोबांचं होतं. ते वारल्यावरही तेच राहिलं, कारण नाव बदलायला गेलं की घरमालकाला हात ओला करून द्यावा लागे आणि दोन भावांपैकी कोणाचं नाव लावायचं, हा प्रश्न उघड्यावर येई. पावती देवाच्या फोटोमागे, प्लास्टिकच्या पिशवीत असायची. तिच्याकडे कोणी बोट दाखवत नसे. पण काकूने एकदा सहज म्हणून फोटो पुसायला घेतला तेव्हा आईने चूल सोडून येऊन फडकं तिच्या हातातून घेतलं, ‘राहू दे, मी पुसते.’ एवढंच. दोघी हसल्याही. कादंबरीतलं पहिलं भांडण इथे आहे, आणि त्यात एकही वावगा शब्द नाही.

एका नावापुरतीच जागा असते आणि माणसं दोन असतात, दोघांचाही हक्क खरा असतो, तिथे काही घडवावं लागत नाही. मी चार महिने ‘काय घडवू’ म्हणून डोकं खाजवत होतो. विचारायला हवं होतं ते इतकंच की या खोलीत एकच काय आहे? पावती एक. नळ एक, सकाळी साडेपाच ते आठ. खाट एक, आजीची. खोलीची किल्ली एक, खुंटीला. आणि १९८३मध्ये पगार एक, काकांचा.

नवा लेखक, म्हणजे पंचविशीतला मी, इथेच चुकतो. दोन पात्रं समोरासमोर उभी करायची म्हणजे एकाला चांगुलपण द्यायचं आणि दुसऱ्याला मिशा पिळायला लावायच्या, असं त्याला वाटतं. दशावतारात राक्षस येतो तेव्हा पखवाज वेगळा वाजतो आणि पोरं आईच्या पदरात शिरतात. ती गंमत मोठीच आहे. पण चाळीत राक्षसाला राहायला जागा नसते. तिथे राक्षसालाही सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा राग किती वेळ करणार?

आणि तिथून निघूनही जाता येत नाही. हे मुंबईचं खास. दुसऱ्या मुलखात दोन भावांचं फाटलं तर अंगणात भिंत घालतात, चुली वेगळ्या करतात. दहा बाय बारात भिंत कुठे घालणार? भाऊ पाध्यांनी ‘वैतागवाडी’त मुंबईत जागा मिळवण्याची वणवण लिहिली आहे. ती वाचली की कळतं, या शहरात माणसं एकमेकांवर प्रेम आहे म्हणून जितकी एकत्र राहतात त्याहून जास्त पागडीला पैसे नाहीत म्हणून राहतात. माणसाला दार उघडं असेल तर तो भांडण करून निघून जातो, आणि गोष्ट तिथे संपते. दार असून जाता येत नसेल तेव्हा तो थांबतो, आणि थांबलेल्या माणसाचीच कादंबरी होते.

अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मधली मुख्यमंत्री आणि अर्थमंत्री यांची लढाई आठवा. दोघे एकाच पक्षाचे, एकाच मंत्रिमंडळातले. हीच झुंज सत्ताधारी आणि विरोधकांची असती तर तिची बातमी झाली असती. एका टेबलाभोवती चालली म्हणून कादंबरी झाली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात तर सगळा मामला एका खोलीतला. संपाने मोडलेल्या गिरणगावातलं धुरींचं घर: एका मुलाला लेखक व्हायचंय, एक क्रिकेटमध्ये बुडालाय, एक गुंडांच्या वाटेला लागलाय, आणि आई सगळ्यांना पुरी पडायला बघतेय. घाव घालणारा हात खोलीबाहेर आहे. पण त्या हाताला धरता येत नाही म्हणून माणसं जवळच्या माणसाची मानगूट धरतात. ते नाटक पाहून मी बाहेर पडलो तेव्हा कोणावर रागवायचं तेच कळेना, आणि ट्रंकेतली वही आठवून कान गरम झाले.

माणसांची नावं मी अजून ठेवलेली नाहीत, त्यालाही एक आधार आहे. श्री. ना. पेंडशांच्या १९६२च्या ‘रथचक्र’ची नायिका बिननावाची आहे. ती नुसती ‘ती’, आणि तिच्यासमोर ‘थोरली’. बेस्टच्या नोकरीत मुंबईत दिवस काढणाऱ्या या कोकणच्या माणसाने घरातल्या माणसांना नात्यांनीच उभं केलं. त्याचं मर्म मला आता लागतं. नात्याच्या नावात माणूस एकटा नसतोच. ‘थोरला’ म्हटलं की ‘धाकटा’ त्याच्या पोटात आला. धाकटा नसेल तर थोरला कसला? ज्याच्याशी भांडायचं त्याच्यावाचून आपल्याला नावही नाही, अशी अडचण झाली की समजावं, आराखडा जमत चाललाय.

आता बाबांच्या हातचं एक ज्ञान सांगतो, कारण या सगळ्या विवेचनापेक्षा ते मला जास्त उपयोगी पडलं.

बाबा साचेवाले होते. साचा म्हणजे माग. उभे धागे तो ताणा, आडवा धागा तो बाणा, आणि बाणा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. संपात घरी बसल्यावर त्यांचे हात मोकळे राहत नसत. खाटेच्या सुंभाशी चाळा चालू असायचा. अशाच एका दुपारी मी विचारलं, धागा तुटला की काय करता? ते म्हणाले, “कुठला धागा? बाणा तुटला की साचा आपसूक उभा राहतो. तिथे एक लोखंडी काटा असतो, तो आडवा धागा चाचपत असतो. धागा लागला नाही की साचा बंद. त्याला काय अक्कल लागत नाही. ताण्याची तार तुटली तर मात्र साचा थांबत नाही.”

“मग?”

“मग काय? चालत राहतो. कापड निघत राहतं. फक्त त्यात एक उभी रेघ पडत जाते, केसाएवढी. तुझा डोळा तिथे नसला तर वारच्या वार कापड जातं. मग घडी खात्यात उलगडून बघतात आणि तुला बोलावतात.”

जुन्या साध्या साच्यांबद्दल ते बोलत होते. पुढच्या स्वयंचलित मागांवर ताण्याच्या तारेलाही पहारा असतो. पण आमच्या घरातला साचा जुनाच होता. जे भांडण आवाज करतं ते बाण्याचं. काटा लागतो, सगळं थांबतं, शेजारी येतात, समजूत घालतात, पुन्हा गाठ मारून चालू. मी पंचविशीत दोनशे पानांत अशीच अकरा भांडणं लिहिली होती. प्रत्येक भांडणाला कादंबरी थांबायची आणि पुन्हा चालू व्हायची. ताण्याची तुटलेली तार मी एकदाही पाहिली नव्हती. ती तुटली तेव्हा मी खोलीतच होतो.

संपाच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. गिरण्या थोड्याथोड्या चालू होऊ लागल्या होत्या. जे कामावर परतत त्यांच्याबद्दल चाळीत दोनच शब्द वापरत: “आत गेला.” तुरुंगात जाणाऱ्यासाठीही हेच दोन शब्द, पण तिथे आवाजात कीव असे, इथे थुंकी. बाबा रोज सकाळी गेटाजवळ जमणाऱ्यांत असत. एका सकाळी काका रोजच्यापेक्षा लवकर उठले, आंघोळ केली, आजीच्या पाया पडले आणि जिना उतरले. बाबा आधीच खाली गेले होते. एकाच गिरणीचं एकच गेट. त्या सकाळी दोघांची नजरानजर झाली की नाही, याबद्दल पुढे दोघांपैकी कोणीही कधी बोललं नाही. कादंबरी लागते ती नेमकी तिथे.

संध्याकाळी काका घरी आले. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. आता भांडण होणार, खुंटीवरची काठी निघणार. काहीच झालं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवले. जेवून हात धुतले आणि मला म्हणाले, “काकांना सांग, किल्ली खुंटीला आहे.”

काका दोन हातांवर उभे होते.

मी काकांना सांगितलं, “बाबा म्हणतात, किल्ली खुंटीला आहे.”

“बरं म्हणावं,” काका म्हणाले.

त्या दिवसापासून पुढली पाच वर्षं मी त्या खोलीतलं पोस्ट चालवलं. दिवा मालवू का विचार. रॉकेलच्या रांगेत कोण जातंय विचार. आजीला दवाखान्यात न्यायचंय, रजा मिळेल का विचार. दोघंही माझ्याकडे बघून बोलायचे आणि वाक्य एकमेकांसाठी असायचं. मी ते जसंच्या तसं पोचवायचो. हळूहळू त्यातला काटा काढून पोचवायला शिकलो. “त्याला म्हणावं, मोठा साहेब झालायस” याचं मी “बाबा विचारतात, पाळी कुठली आहे” असं करायचो. काकांना ते कळत असणार. पात्रांच्या तोंडी संवाद घालायचं शिक्षण मला कुठल्या शिबिरात मिळालेलं नाही.

कापड मात्र निघत होतं. काकांच्या पगाराचे तांदूळ यायचे, आई शिजवायची, बाबा जेवायचे. हे लिहिताना अजूनही माझा हात अडतो. ज्या पगारापायी भावाशी बोलणं टाकलं त्याच पगाराचा घास रोज संध्याकाळी उचलायचा, कारण ताटाशी दोन मुलं बसली आहेत आणि आपण उपाशी उठलो तर ती विचारतील. बाबांनी तो घास कसा उचलला असेल? आणि काकांनी, आपलं नाव टाकलेल्या भावाला आपण मिळवलेला भात रोज जेवताना कसं पाहिलं असेल? माझी शाळेची फी त्या वर्षांत काकांनी भरली. पावती आईच्या हातात दिली, तोंडाने काही बोलले नाहीत.

थोरल्याचं म्हणणं खरं होतं: अडीच लाख माणसं एका शब्दावर बाहेर थांबली असताना एकाने आत जाणं म्हणजे सगळ्यांच्या भाकरीत खडा. धाकट्याचं म्हणणंही खरं होतं: अडीच लाखांची भाकरी अजून भाजली जायची होती, आणि इथे आठ माणसांची चूल विझली होती. दोन्ही बाजू मी अशा एकाखाली एक लिहून पाहिल्या तेव्हा गिरगावच्या पेन्सिलीचं उत्तर मिळालं. धाकटा वाईट नव्हताच. मी थोरल्याचा मुलगा होतो, एवढंच. लेखकाला पात्रांमध्ये भांडण लावायचं असेल तर आधी स्वतःला त्या भांडणातून उठावं लागतं. मी तीस वर्षं बाबांच्या बाजूला मांडी घालून बसलो होतो.

अबोला सुटला तो मे महिन्यात.

गावाहून आंब्याची पेटी आली होती. लालबागला मे महिना नाकाला आधी कळतो: मिरची गल्लीत मसाला कांडून घ्यायला रांगा लागतात, मिरचीचा ठसका वारा नेईल तिकडे जातो, आणि घराघरात खाटेखाली आंब्यांची अढी घातलेली असते. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, देठ वर करून, एकाला एक न लागतील असे. वर पुन्हा पेंढा. अढी लावून मोकळं होता येत नाही. एक दिवसाआड हात घालून चाचपावं लागतं. एक डागाळला की त्याची ऊब शेजाऱ्याला लागते आणि बघता बघता सगळी अढी जाते. घाई केली तर आंबट, विसरलं तर सडकी.

मनात धरतो तिलाही आपण अढीच म्हणतो. दोन शब्दांचं मूळ एक आहे की नाही हा भाषापंडितांचा प्रश्न. मला तो फरक त्या खोलीत कधी जाणवला नाही. दोन्ही काळोखात, उबेत, एकमेकांना न लागता पिकत होत्या.

काका खाटेखाली वाकून आंबे फिरवत होते. आजी आदल्या वर्षी गेली होती, त्यामुळे खाट रिकामी होती. बाबा उंबऱ्यात बसले होते. त्यांना तिथूनच वास आला असावा. मी नेहमीसारखा त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, निरोप घ्यायला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“कोपऱ्यातला डागाळलाय,” ते म्हणाले. “काढ तो.”

काकांनी हात आत घातला, चाचपलं आणि तो आंबा बाहेर काढला. “अजून दोन आहेत,” ते म्हणाले.

बस. पाच वर्षांनी एवढं. कोणी गळ्यात पडलं नाही, कोणी माफी मागितली नाही. संपाचं नाव निघालं नाही. तोवर काकांची गिरणीही बंद पडली होती आणि बाबा एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसत होते. आत गेलेला आणि बाहेर राहिलेला, दोघांचंही काम गेलं होतं. मी तिथे उभा होतो आणि मला काय वाटलं ते आज प्रामाणिकपणे सांगतो: मला वाईट वाटलं. माझं पोस्ट बंद झालं होतं.

हा प्रसंग खाकी कव्हरच्या त्या वहीत नाही. तिथे मी शेवटी दोघा भावांना भारतमाता थिएटरजवळच्या गर्दीत समोरासमोर आणून रडवलं होतं. पाऊसही पाडला होता.

पुढे गिरणी कामगारांना म्हाडाची घरं मिळणार असं ठरलं तेव्हा बाबांनी आणि काकांनी वेगवेगळे अर्ज भरले. मीच भरून दिले, एकाच टेबलावर, एकाच पेनाने. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा हवा होता. घर २२५ चौरस फुटांचं, आणि २०१२ साली त्या घरांची सोडत निघाली. अर्जात नाव, गिरणी, खातं, तिकीट नंबर, वारस असे रकाने होते. संपात बाहेर राहिलात की आत गेलात, असा रकाना नव्हता. मी तो नकळत शोधत होतो. काका म्हणाले, “काय बघतोस? सही कुठे करायची सांग.” बाबा बाजूलाच होते. ते म्हणाले, “खाली. उजवीकडे.” निरोप्याची गरज कोणालाच नव्हती.

परवा ग्रंथालयात चौथ्या रकान्यावरचा ‘संघर्ष’ शब्द मी खोडला. त्या जागी ‘एकच काय आहे?’ असं लिहिलं आणि खाली यादी केली: पावती, नळ, खाट, किल्ली, गेट, पगार. यादी लिहून होते न होते तोच माझी आठ माणसं हलायला लागली. काकूने देवाचा फोटो पुसायला घेतला. आई चूल सोडून उठली.

आराखड्यात पाचवाही एक रकाना असतो, ‘शेवट’ नावाचा. तो मी आता पाडला. तिथे समेट, ताटातूट किंवा मरण यांतलं एक लिहायची पद्धत आहे. मी त्यात फक्त एक नोंद करून ठेवली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप कोणी रीतसर मागे घेतल्याचं आजवर जाहीर झालेलं नाही.